गोंगची जागा

सोमवार, पाइंग

केंदांग मी वाजवणार, आमच्या गामेलानच्या वाद्यमेळाला लय देणारा तो ढोल. आज गावाच्या मंडपात सगळ्यांसमोर बोलून बसले, आता इथे लिहूनही ठेवते, म्हणजे उद्या माघारीला वाव नको.

कापणी उरकली आहे, जावातल्या आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला क्लिवोन ज्या शुक्रवारी पडेल त्या दिवशी गावशुद्धीचा सण आहे. आमचे गावप्रमुख पाक लुराह म्हणाले, "यंदा गामेलान राहू द्या. माझ्या पुतण्याकडे हा एवढा मोठा स्पीकर आहे, त्यावर रेकॉर्ड लावू. पाक दार्सो अंथरुणावर, केंदांगला माणूस नाही. बायकांचे हाल कशाला?"

पाक दार्सो म्हणजे माझा नवरा. त्याची उजवी बाजू गेली तेव्हापासून मंडपातला केंदांग कापडाखाली झाकून आहे. ते कापड बघत मी म्हटलं, "माणूस कशाला हवा? मी आहे की."

मागून कुणीतरी हसलं. बहुधा तुमिनेम. ती आमची गोंगवाली आणि शेजारीणही, त्यामुळे हसायचा दुहेरी हक्क आहे तिला.

"बू वार्सी, तुम्ही आयुष्यभर काशाच्या पट्ट्यांवर हातोडी मारलीत," पाक लुराह म्हणाले. "केंदांग म्हणजे सगळ्यांची लगाम."

"या माणसाबरोबर संसार केलाय, पाक लुराह. जेवताना ताटावर, झोपताना पोटावर, सासऱ्यांच्या मयताला गुडघ्यावर, कुठे बोलायचा थांबला नाही तो केंदांग. एवढं ऐकून दगडालाही आलं असतं."

तर ठरलं. सणाच्या आदल्या गुरुवारी रात्रीच्या आत एक चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाजली पाहिजे. नाहीतर स्पीकर. आमच्या गावाच्या सणाला आजवर यंत्र वाजलेलं नाही, आणि माझ्या नवऱ्याच्या जागेवर तर नाहीच वाजणार.

घरी येऊन त्याला सांगितलं. त्याला दोनच शब्द परत आलेत, "हं" आणि "नको". आज त्याने दुसरा वापरला.

बुधवार, वागे

पहिली तालीम. लाज वाटते लिहायला.

सुरुवात बरी झाली. पुढे काय झालं कळलं नाही, सगळ्या जणी उधळल्या. गाणाऱ्या रेत्नोला श्वास घ्यायला जागा मिळेना. मी ओरडले, "पळताय कशाला?" तर तुमिनेम मागून म्हणते, "तू पळवतेस म्हणून! सकाळी नवऱ्याशी भांडून आलीस ना?"

आले होते. आंघोळीवरून. पण त्याचा केंदांगशी काय संबंध?

आणि शेवट! आमच्या चिजेला आपोआप शेवट नाही, तीच तर मेख आहे. आवर्तन संपतं, समेवर काशाचा मोठा गोंग वाजतो, पुन्हा पहिल्यापासून. केंदांगवाला आधी जरा पुढे ढकलतो, मग लय मागे खेचतो, आवरतं घ्यायचे बोल वाजवतो, तेव्हा कुठे सगळे मिळून थांबतात. ते बोल मला झोपेतही पाठ आहेत. पण जागा आली की माझे हात सरळ पुढच्या आवर्तनात. पुन्हा आली, पुन्हा पुढे. शेवटी रेत्नोने गाणं सोडलं, मग पट्ट्या सुटल्या, आणि गोंग एकटाच वाजत राहिला, कारण तुमिनेम डोळे मिटून बसली होती.

"मोजायला चुकले," मी म्हटलं.

"हं हं," सगळ्या म्हणाल्या.

शुक्रवार, लेगी

घरचा जुना केंदांग काढून ओसरीवर बसते. आत तो पलंगावर. पडदा ओढलेला असतो, कारण कुणी आलं तर त्याला दिसायचं नसतं. डाव्या हाताने जेवावं लागतं ना. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला डाव्या हाताने साधी काडेपेटी दिली नाही, त्याला आता त्याच हाताने घास घ्यावा लागतो. पाहुणा आला की तो हात पोटाखाली दडपून ठेवतो. मंडपात चला म्हटलं की भिंतीकडे तोंड. हात पुढे करून नमस्कार करायचा तो कसा, हा त्याचा प्रश्न. मला तो पोकळ मान वाटतो, पण मी बोलत नाही.

माझं वाजवणं त्याला सहन होत नाही. आज वाजवत होते, तर आतून धाड! पलंगाच्या दांडीवर ठोसा. मी थांबले, पडदा सरकवून विचारलं, "पाणी?" नको. "चहा?" नको. पुन्हा वाजवायला बसले. जरा वेळाने पुन्हा धाड! असं कितीदा झालं. नेमका माझा हात बसत आला, आवर्तन पुरं होत आलं, की ह्याचा ठोसा.

"दुसऱ्याच्या हातात बघवत नसेल तर कानात बोळे घाला, पाकने!" मी बाहेरूनच ओरडले. मुलगी झाल्यापासून मी त्याला पाकने म्हणते, तिचा बाप म्हणून. तो हसल्यासारखं वाटलं, पण हल्ली त्याचा चेहरा अर्धाच हसतो, खात्री नाही.

वाईट वाटलं. पण वाजवणं सोडणार नाही.

शनिवार, पाइंग

बाजारात केळीची पानं लवकर खपली. घरी आले तर तुमिनेम आमच्याच ओसरीवर चपला घालत होती.

"तेम्पे दिलं गं पाक दार्सोंना. गरम होतं म्हणून."

सोयाबीनच्या चार वड्या द्यायला किती वेळ लागतो? तिच्या पदराला घाम होता. आत पलंगाजवळ चाकाची खुर्ची उभी, चाकांना ओली माती. मी विचारलं, "बाहेर गेला होतात?" त्याने छताकडे पाहिलं. चोर सापडला की असाच बघतो.

माझ्याबरोबर अंगणातही यायला तयार नाही हा माणूस.

सोमवार, वागे

पुन्हा तेच. आज तेम्पे नव्हतं, शेंगदाण्याची चटणी होती. तुमिनेम विधवा आहे, बोलकी आहे, तिच्या टपरीवर अर्धा गाव चहाला बसतो. मी तिच्यावर कधी संशय घेतला नाही. आजही घेत नाही. फक्त लिहून ठेवते, की माझ्या नवऱ्याच्या केसांना तेल लावलेलं होतं आणि ते मी लावलेलं नव्हतं.

बुधवार, लेगी

आज जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

तालमीत बसले ती मुळातच धुमसत. पहिल्या थापेपासून वादळ. हात दुखेस्तोवर वाजवत होते आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं, हेही खरं. मग गोंग मला चुकला असं वाटलं आणि मी मान वळवून म्हटलं, "तुमिनेम, लोकांच्या घरी फिरण्यापेक्षा इथे लक्ष दे."

तुमिनेमने गोंगची मोगरी मांडीवर ठेवली. "वार्सी, मी वेळेवर आहे. तू कुठे आहेस ते तूच बघ. तुझ्या घरात कुठली भाजी करपली तेसुद्धा तुझ्या केंदांगवरून सगळ्या गावाला कळतं, आणि तुला वाटतं आम्ही बेताल वाजवतो."

मी ताडकन उठले आणि केंदांग ओलांडून चालू लागले.

ओलांडून. वाद्यावरून पाय टाकून. इथलं शेंबडं पोरही वाकून वळसा घालतं, आणि मी, दार्सोची बायको, त्याच्याच केंदांगवरून पाय टाकून गेले. रेत्नोने तोंडावर हात घेतला. मी पायरीवर पोचले तेव्हा मला कळलं, आणि मागे फिरायचंही धैर्य झालं नाही.

रात्री मुलीचा बाताम बेटावरून फोन आला होता. "आई, सगळं ठीक?" म्हटलं, "मजेत." दुसरं काय सांगणार?

गुरुवार, पाइंग

फुलं घेऊन माफी मागायला गेले. मोठा गोंग, आमचा क्याई लेगावा, त्याच्यापुढे गुरुवारी फुलं ठेवायचीच असतात. मला वाटलं, सगळ्यांच्या आधी जावं, कुणी बघायला नको.

सोमो आजोबा, जे क्याईची देखभाल करतात, झाडत होते. माझ्या हातातली जाई बघून म्हणाले, "ठेव. क्याईला हल्ली फुलांची ददात नाही. पार लाडावलाय तो."

खरंच, खाली ताजी फुलं होती. मोगरी मात्र उलट्या बाजूला, डावीकडे टेकवलेली. तुमिनेमचा वेंधळेपणा. मी ती उचलून उजवीकडे ठेवली.

"राहू दे तिथेच," आजोबा घाईने म्हणाले.

आधी क्याईची, मग केंदांगची माफी मागितली. आजोबांना म्हटलं, "पाप लागेल का?"

"पाप लागायला तुझ्याकडे वेळ आहे का? तालीम कर."

तुमिनेमची माफी अजून मागितलेली नाही. आजही ती आमच्या घरून निघताना दिसली होती.

रविवार, क्लिवोन

काल त्याला सोलो शहरात मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणलं. गाडीत येताना तो झोपला, किंवा झोपल्याचं सोंग केलं. डॉक्टर तरुण होते, चांगले बोलले. पायात थोडी ताकद येईल, बोलणंही सुधारेल. उजवा हात? त्यांनी चष्मा पुसला. तो हात आता असाच.

मी म्हटलं, ठीक आहे.

आज तालमीला गेले. रडायचं नव्हतंच, भाताच्या मळणीचा धुरळा डोळ्यांत जातो हल्ली. बसले, केंदांगवर हात ठेवले आणि ते हात उचलेनातच. शेवटी पडले ते इतके हळू, की दोन थापांच्या मध्ये पट्ट्यांचा नाद पुरता विरून जायचा. मला भीती होती कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. सगळ्या माझ्याबरोबर त्या लयीत उतरल्या. रेत्नोने सूर लांबवला तो मी तिच्याकडून आजवर ऐकला नव्हता. मागे गोंग, पुन्हा लांबचा प्रवास, पुन्हा गोंग. छातीत जे कालपासून अडकलं होतं ते दर आवर्तनाला थोडं सैल होत गेलं. मी वाजवत नव्हतेच मुळी. मला कुणीतरी हाताला धरून नेत होतं, आणि कुठे न्यायचं ते त्याला ठाऊक होतं. डोळे उघडले तर बायका पदराने नाकं पुसत होत्या. धुरळाच फार.

पण शेवट? नाही आला. जागा आली, लय मागे खेचली, सगळ्या वाट बघत माझ्याकडे पाहू लागल्या, आणि माझे हात पुढे निघून गेले. ते बोल त्याचे आहेत. त्याच्या उजव्या हाताचे. मी वाजवले की मग... काय ते मला नीट लिहिता येत नाही. मोजायला चुकते, एवढंच.

पाक लुराह दाराशी उभे होते. "सुंदर," म्हणाले. "पण सणाच्या दिवशी हे संध्याकाळच्या नमाजापर्यंत चालेल, बू. लोकांना जेवायचं असतं."

उठताना मी तुमिनेमजवळ गेले. "त्या दिवशी बोलले ते..."

"जाऊ दे गं."

"नाही, पण तू आमच्या घरी..."

"खांदा भरून आलाय माझा," ती एकदम म्हणाली आणि तेल आणायला निघून गेली. चांगला खांदा आहे तिचा. आजच सकाळी पाण्याच्या दोन कळशा घेऊन चालली होती.

मंगळवार, पाइंग

त्याच्या डाव्या तळव्याला फोड आलाय, अंगठ्याच्या मुळाशी. दांडीवर ठोसे मारून मारून असणार. मी हळद लावली. "एवढा राग येतो माझ्या वाजवण्याचा?" विचारलं.

तो म्हणाला, "नको." काय नको ते कळेना. राग नको, की हळद नको, की वाजवू नको?

"मी वाजवणार," मी म्हटलं. "तुम्ही दांडी मोडलीत तरी वाजवणार."

"हं," म्हणाला, आणि तळवा पुन्हा माझ्यापुढे धरला. डावा हात, आपणहून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी फुंकर घातली.

गुरुवार, वागे

शेवटची तालीम. चीज चांगली, लय चांगली. शेवटी मी आवरायचे बोल वाजवले, पण अर्धेच, घाबरत. निम्म्या थांबल्या, निम्म्या पुढे गेल्या. ताटं पडल्यासारखा आवाज झाला.

पाक लुराह वाईट माणूस नाहीत. डोकं खाजवून म्हणाले, "वाजवा. पण स्पीकर मंडपात आणून ठेवतो. लागला तर असावा." पुतण्याने लगेच वायर सोडायला घेतली.

घरी येऊन त्याला म्हटलं, "उद्या येऊ नका, बरं का. माझी फजिती बघायला कशाला यायचं?" खरं तर तो आला असता तर मला हवं होतं. हे मला त्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. त्याने तेल लावलेलं डोकं उशीवर फिरवलं.

उद्या काहीही होवो, स्पीकरला हात लावू देणार नाही.

शुक्रवार, क्लिवोन

उशीर झालाय, पण आजच लिहायचं.

दुपारच्या नमाजानंतर सगळा गाव मंडपात. पिवळ्या भाताचे डोंगर, कोंबड्या, केळी. मी मधे बसले, क्याई माझ्या पाठीशी, मागच्या कोपऱ्यात. आमच्या आधी पाक लुराहांचं भाषण झालं आणि तेवढ्या वेळात माझ्या तळहातांना घाम फुटला. मी कुणाकडे बघितलं नाही, मागे तर नाहीच. हात ठेवले, आणि सुरू केलं.

सुरुवातीला भीतीने पळाले. ते मला आता ऐकू येतं, आधी येत नव्हतं. पट्ट्या माझ्यामागे धावल्या, रेत्नोचा श्वास तुटला. पाक लुराहांनी पुतण्याकडे पाहिलं. आवर्तन संपलं, सम आली.

आणि गोंग आला नाही.

म्हणजे आला, पण एक श्वास उशिरा. तुमिनेमचा टोला वेळेवर पडतो, दाराची कडी वाजवल्यासारखा. हा तसा नव्हता. सगळ्यांना थोडं ताटकळत ठेवून, मग खालून उचलून धरल्यासारखा. माझा नवरा गोंगवाल्यांशी जन्मभर ह्याच एका गोष्टीवरून भांडला. "आत्ता नको रे! वाट बघायला लाव, मग दे!"

मी नजर उचलली. तुमिनेम समोर होती. ठेवणीतला हिरवा ब्लाउज घालून, त्या मोठ्या स्पीकरवर चक्क बसली होती, वायर पायाखाली. माझी नजर मिळाली तर तिने खांदा चोळून दाखवला. दुखणारा.

मग चाकांची माती, तेल, फोड, डावीकडची मोगरी, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. आणि दांडीवरचे ठोसे. तो मला गप्प करत नव्हता. आवर्तन पुरं झालं की गोंग द्यायचा. दर वेळी माझ्याआधी किंवा माझ्यानंतर पडायचा तो ठोसा, कारण मी पळत होते किंवा रेंगाळत होते, आणि तो तिथेच होता.

मी मागे वळले नाही. वळले असते तर हात सुटले असते. डाव्या हाताने क्याईला टोला दिला म्हणून कुणी काही बोलतंय का ते ऐकायला कान टवकारले. कुणी बोललं नाही. नंतर तुमिनेम सांगत होती, "मी आधी क्याईलाच विचारलं होतं, डावा चालेल का. काही बोलला नाही तो. मग सोमो आजोबा म्हणाले, नाही बोलला म्हणजे चालतंय." पाक दार्सोला मात्र पहिल्या दिवशी दोघांनी जवळजवळ उचलूनच नेलं होतं म्हणे, तो सारखा नको नको करत होता.

पुढची समही तशीच आली, श्वासभर उशिरा. मी तिथपर्यंत पोचायला घाई करणं सोडलं. लय बसली. माझा राग, भीती, बुधवारचं ते पाय टाकणं, डॉक्टरांचा चष्मा, सगळं त्या चालीत चालायला लागलं, आपापल्या जागी. रेत्नो गात होती आणि लोक बोलायचे थांबले होते.

मग शेवटाची जागा आली. जरा पुढे ढकललं. मागे खेचलं. हात नेहमीसारखे पुढे पळू बघत होते. पण मागे तो बसला होता. माझ्या हातून काही त्याच्यापासून जाणार नव्हतं, तो तर तिथे, गोंगपाशी होता. मी बोल वाजवले. पुरते. त्याच्या उजव्या हाताचे, माझ्या दोन्ही हातांनी. सगळ्या जणी एक होऊन मंदावल्या आणि शेवटच्या घावासाठी हातोड्या उचलून थांबल्या.

काही नाही. एक कोंबडा ओरडला. हात चालला नाही वाटतं त्याचा. पाक लुराह अर्धवट उठले.

तेव्हा गोंग वाजला. त्याच्यामागून आम्ही सगळ्या.

क्याईचा नाद विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग मी वळले. तो खुर्चीत बसला होता, सणाचा सदरा, डोक्याला बांधलेलं बातिकचं फडकं तुमिनेमने तिरकंच बांधलेलं. मोगरी डाव्या हातात. तो हात त्याने पोटाखाली घेतला नाही. पाक लुराह त्याच्याकडे गेले आणि नमस्काराला हात पुढे केला, आणि माझ्या नवऱ्याने मोगरी मांडीवर ठेवून तोच हात पुढे केला.

"मला सांगायचं नाही का?" मी खुर्ची ढकलत घरी आणताना विचारलं.

"नको," म्हणाला. आणि अर्धं हसला. आता खात्री आहे.

रविवार, पाइंग

बाजाराला गेले नाही. तुमिनेमला तेम्पे नेऊन दिलं, गरम. ती म्हणाली, "बघ हं, मी तुझ्या घरी येणार तर बदनामी, आणि तू माझ्याकडे आलीस तर?" मी म्हटलं, "तुझ्या घरात नवरा नाही, काय चोरणार?" मग दोघी हसलो, आणि मी जरा रडले. धुरळा नव्हता.

दुपारी ओसरीवर केंदांग घेऊन बसले. पडदा आज ओढलेला नव्हता. वाजवलं, जसं मनात होतं तसं, ना घाई ना ओढ. आवर्तन संपत आलं. समेपाशी मी दोन्ही हात उचलून धरले आणि ती जागा सोडून दिली.

आतून काहीच नाही.

"पाकने? झोपलात का?"

"हं," तो म्हणाला. अगदी जागा होता. मुद्दाम थांबला होता.

मीही हात वरच धरून थांबले. मग दांडीवर ठोका पडला.